रेस दिली की इंजिनातून कट-कट: इंजिन खोलण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २०१३ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, रनिंग १ लाख १० हजार किलोमीटर. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी चढायला लागलं आणि रेस दिली, की बोनेटखालून पत्र्याच्या डब्यात चणे हलवल्यासारखा आवाज येतो. एरवी गाडी सीएनजीवर चालते, घाटात ताकद हवी म्हणून पेट्रोलवर घेतली जाते. सपाटीला आवाज फारसा नाही. गॅरेजवाल्याचं म्हणणं, बेअरिंग गेलंय, इंजिन खोलावं लागेल. खोलायचं का?

अजून होकार देऊ नका. तुमच्या वर्णनात बेअरिंगपेक्षा डेटोनेशनची, म्हणजे इंधन अवेळी आपोआप पेटण्याची, आपण गॅरेजमध्ये ज्याला नॉकिंग म्हणतो त्याची लक्षणं जास्त दिसतात. ते पडताळायला सुरुवातीला पानासुद्धा हातात घ्यावा लागत नाही.

पण पुढचं वाचण्याआधी खाली जाऊन डिपस्टिक बघून या. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर आधी ते भरा आणि कुठं जातंय ते शोधा. चालवताना ऑइलचा तांबडा दिवा क्षणभर जरी लागत असेल, किंवा आवाज बारीक कट-कट न राहता जड, खोल ठक-ठक झाला असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या. ऑइलचा दाब गेला की बेअरिंग काही मिनिटांत क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, चिकटतं, आणि पिस्टनला त्याच्याशी जोडणारा रॉड तुटला तर तो ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. बाकी सगळ्या शक्यता दोन दिवस थांबू शकतात, ही थांबत नाही.

आता मूळ मुद्दा. ‘रेस दिली की आवाज येतो’ या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. रेस दिल्यावर इंजिनावरचा लोड वाढतो, आरपीएम वाढतात आणि चाकांचा वेगही वाढतो. आवाज या तिघांपैकी कशाच्या मागे जातो हे ठरवलं, की अर्धं निदान झालं. ते न ठरवता कान लावून ‘बेअरिंग’ म्हणणं हा अंदाज आहे, आणि अंदाजावर इंजिन खोलू देऊ नये.

इंजिन पूर्ण तापलं की गाडी उभी करा, न्यूट्रलला ठेवा आणि सावकाश ३००० आरपीएमपर्यंत रेस द्या, मग सोडा. आवाज इथेही आला तर तो आरपीएमचा आहे: बेअरिंग, टॅपेट (वॉल्व्ह उघडणारे भाग), टायमिंग चेन, बेल्टवरचे पुली-बेअरिंग, सैल पत्रा. इथे शांत आणि फक्त चढावर येत असेल, तर तो लोडचा आहे. मग चढावर आवाज येत असतानाच एक गियर खाली टाका. आरपीएम वाढूनही आवाज थांबला तर जवळजवळ नक्की डेटोनेशन, कारण खालच्या गियरमध्ये प्रत्येक स्ट्रोकवरचा लोड हलका होतो. खराब बेअरिंग आरपीएम वाढल्यावर गप्प बसत नाही, ते आणखी भरभर वाजतं. आणि गियर कुठलाही असो, आवाज गाडीच्या वेगाबरोबरच बदलत असेल, अगदी क्लच दाबून गाडी नुसती गडगडत असतानाही येत असेल, तर इंजिन सोडा आणि चाकांकडे, अ‍ॅक्सलकडे बघा.

तुमच्या गाडीत याहून चांगली चाचणी डॅशबोर्डवरच आहे: सीएनजीचं बटण. पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे आपोआप न पेटण्याची ताकद, ९१ ते ९५ असतो, सीएनजीचा सव्वाशेच्या आसपास. साध्या इंजिनात सीएनजी सहजासहजी नॉक होतच नाही. तोच चढ, तोच गियर, तितकीच रेस, एकदा पेट्रोलवर आणि एकदा सीएनजीवर. सीएनजीवर आवाज गेला आणि पेट्रोलवर परत आला, तर रॉड, पिस्टन, बेअरिंग यांच्यावरचा संशय बहुतांशी मिटतो, कारण लोखंडाला इंधन कुठलं आहे ते कळत नाही. सीएनजीवर ताकद थोडी कमी मिळते म्हणून लोडही थोडा कमी पडतो, हे धरून रेस जरा जास्त द्या. दोन्हीवर आवाज सारखाच आला, तर तुमच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं गांभीर्यानं घ्यायचं. ते कसं तपासायचं ते खाली सांगतो.

डेटोनेशन म्हणजे नेमकं काय? प्लगची ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या थोडं आधी पडते आणि ज्वाळा प्लगपासून बाहेर पसरत जाते. ती पोचण्याआधीच कडेचं उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप पेटलं, तर दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहते. आपल्या छोट्या इंजिनांच्या बोअरमध्ये ही लाट साधारण ६ ते ८ हजार हर्ट्झला वाजते, म्हणून आवाज बारीक, धातूचा, कोरडा येतो. दोन पार्ट एकमेकांवर आपटत नसतात. पण दुर्लक्ष केलं तर पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो, हेड गॅस्केट जातं आणि शेवटी बेअरिंगवरही मार बसतो. ‘नुसता आवाजच आहे ना’ म्हणून वर्षभर चालवायची ही गोष्ट नाही.

तुमच्या गाडीत हे का होत असेल? माझा पहिला संशय सीएनजी किटवर आहे. सीएनजी सावकाश जळतो, म्हणून बाहेरून किट बसवताना बऱ्याचदा टायमिंग अ‍ॅडव्हान्सर नावाची छोटी डबी लावतात. ती क्रँक सेन्सरच्या वायरीत बसते आणि सीएनजीवर असताना ठिणगी ६ ते १५ अंश आधी पाडते. पेट्रोलवर आल्यावर तिनं बाजूला व्हायला हवं. रिले अडकला, पावसात कनेक्टर गंजला किंवा वायर कुणी चुकीची जोडली, तर पेट्रोलवरही ठिणगी लवकरच पडत राहते आणि चढावर इंजिन कट-कट करू लागतं. यातली मेख अशी की स्कॅनर लावला तर टायमिंग बरोबर दिसतं. स्कॅनर फक्त ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, काय वाटतंय ते दाखवतो, आणि इथे ईसीयूलाच फसवलेलं असतं. खरं टायमिंग पुलीवरच्या खुणेवर टायमिंग लाइट मारून कळतं. त्याहून सोपं म्हणजे ज्या फिटरनं किट बसवलं त्याच्याकडून ती डबी पूर्ण बाजूला काढून मूळ वायरी थेट जोडून घ्या आणि त्याच चढावर गाडी नेऊन बघा. आवाज गेला तर दोष सापडला. हे काम वायरिंग समजणाऱ्याकडूनच करून घ्या, क्रँक सेन्सरची वायर तुटली तर गाडी चालूच होणार नाही.

किटचा दुसरा दोष याहून छुपा असतो. सिक्वेन्शियल किट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणारं किट, पेट्रोलच्या इंजेक्टरचाच हिशेब घेऊन गॅस सोडतं. गॅसचं ट्यूनिंग जाड असेल, म्हणजे गॅस जास्त पडत असेल, तर ईसीयू इंधन कमी करत जातो आणि ती सवय लक्षात ठेवतो. मग तुम्ही पेट्रोलवर आलात की तीच कपात पेट्रोललाही लागू होते, मिश्रण पातळ पडतं आणि पातळ मिश्रण लोडवर नॉक होतं. स्कॅनरमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूनं लक्षात ठेवलेली इंधनाची वाढ किंवा कपात, टक्क्यांत) सीएनजीवर आणि पेट्रोलवर वेगवेगळा बघायला सांगा. सीएनजीवर उणे दहाच्या पलीकडे गेलेला दिसला तर आधी किटचं ट्यूनिंग करून घ्या, पेट्रोलच्या बाजूला हात लावू नका.

पेट्रोलवर चालताना ट्रिम उलट अधिक दहाच्या वर दिसत असेल, तर तो कुठं वाढतो ते बघायचं. हा फरक फार उपयोगी आहे आणि बरेच मेकॅनिक तो बघतच नाहीत. आयडलला ट्रिम जास्त आणि रेस दिल्यावर खाली येत असेल, तर इंटेकला कुठूनतरी हवा शिरतेय: पाइप फाटलाय किंवा गॅस्केट गेलंय. आयडलला ठीक आणि लोडवर वाढत असेल, तर पेट्रोल पुरत नाही: पंप कमजोर, फिल्टर चोंदलेला, इंजेक्टर घाण. सीएनजीच्या गाड्यांत टाकी कायम रिझर्व्हवर ठेवायची सवय असते. पंप पेट्रोलात बुडलेला राहून थंड होतो, त्यामुळे असा पंप लवकर मरतो.

आता त्या टाकीतल्या पेट्रोलबद्दल. तुम्ही फक्त घाटात पेट्रोल वापरता म्हणजे टाकीतलं पेट्रोल किती महिन्यांचं आहे? भारतात साधं पेट्रोल पूर्वी ९१ ऑक्टेनचं होतं. आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई२० मिळतं आणि त्याचा ऑक्टेन ९५ आहे, कारण इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर असतो. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात, अर्ध्या रिकाम्या टाकीत, महिनोन्महिने पडून राहिलं आणि पाणी जास्त झालं, तर इथेनॉल पाण्याबरोबर तळाशी वेगळं होतं आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो. म्हणून चाचणीआधी जुनं पेट्रोल संपवा किंवा काढून टाका, आणि खप जास्त असलेल्या पंपावरचं ताजं पेट्रोल दहा-बारा लिटर भरा. हवं तर एकदा १०० ऑक्टेनचं भरून बघा, ते पुण्यात मोजक्या पंपांवर मिळतं. त्यानं आवाज गेला तर रोग डेटोनेशन आहे हे पक्कं झालं. पण कायम १०० भरत बसणं हा उपाय नाही. तुमचं इंजिन साध्या पेट्रोलवर चालण्यासाठीच बनलंय. आज ते चालत नसेल तर कारण इंजिनात, थंडाव्यात किंवा टायमिंगमध्ये आहे, आणि महाग पेट्रोल ते फक्त झाकतं.

थंडाव्याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. कूलंट कमी झालं की बोअरचं पाणी ओतायचं, थर्मोस्टॅट अडकला की काढून फेकायचा, ही दोन्ही कामं सर्रास चालतात. बोअरच्या जड पाण्यानं हेडच्या वाटांमध्ये क्षार साचतात. मग काटा मधेच दिसतो आणि तरी हेडमध्ये ठरावीक जागी उष्णता साचून डेटोनेशन सुरू होतं. घाटात स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघा, ते ९०-१००च्या आसपास राहून फॅन वेळेवर लागायला हवा. रेडिएटरचं झाकण उघडून आत तांबूस गाळ दिसला (इंजिन थंड असतानाच, गरम असताना अजिबात नाही), तर फ्लश करून कंपनीनं सांगितलेलं कूलंट भरा.

मग प्लग. चारही काढून क्रमानं मांडून ठेवा. पांढऱ्या पोर्सेलिनवर बारीक काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले तर ते डेटोनेशनचे पुरावे आहेत, चंदेरी म्हणजे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम सुटायला लागलंय. पोर्सेलिन अगदी पांढरंफटक असेल तर पातळ मिश्रण किंवा चुकीच्या हीट रेंजचा, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता न जुळणारा, प्लग. दुकानात ‘हाच बसतो’ म्हणून दिलेला प्लग आटे जुळले तरी चुकीचा असू शकतो, नंबर मॅन्युअलशी ताडून बघा. प्लग काढलेलेच आहेत तर कॉम्प्रेशनही, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या आणि भोकातून कॅमेरा घालून पिस्टनचा माथा बघा. कॉम्प्रेशन मॅन्युअलपेक्षा जास्त आलं तर आनंद मानू नका, तो कार्बनचा थर आहे. कार्बन थोडा असेल तर टाकीत टाकायचं चांगलं क्लीनर आणि मोकळ्या रस्त्यावर जरा जास्त आरपीएमचं ड्रायव्हिंग यानं बराच सुटतो. जाड, ऑइलानं ओला असेल तर रिंगा किंवा वॉल्व्ह सीलमधून ऑइल येतंय, आणि कार्बन काढला तरी तो परत जमणार.

नॉक सेन्सर शेवटी घेतला, कारण तो रोग नाही, पहारेकरी आहे. ब्लॉकवर बसलेला हा सेन्सर डेटोनेशन ऐकून ईसीयूला टायमिंग मागे घ्यायला लावतो. पी०३२५ असा कोड आला तर आधी वायर, कनेक्टर आणि बोल्ट बघा. हा बोल्ट ठरलेल्या टॉर्कलाच, साधारण २० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. हातानं कचकचून आवळला किंवा खाली वॉशर घातला तर सेन्सर नीट ऐकत नाही.

आता बेअरिंगची बाजू, म्हणजे दोन्ही इंधनांवर आवाज सारखाच आला तर. रॉडच्या बिग एंड बेअरिंगचा आवाज जड असतो, इंजिनाच्या खालच्या भागातून येतो, आणि २०००-२५०० आरपीएमला रेस धरून किंचित सोडली की सगळ्यात स्पष्ट वाजतो. ते सिद्ध करायची पद्धत जुनी आणि खात्रीची आहे: एकेका सिलिंडरचा कॉइल काढून बघायचा. ज्या सिलिंडरचा कॉइल काढल्यावर आवाज बसतो त्याचं बेअरिंग. कॉइलबरोबर त्याच सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टरही काढायला सांगा, नाहीतर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो. त्यानंतर ऑइल प्रेशर स्विच काढून तिथे गेज लावायचा. तापलेल्या इंजिनाला दर हजार आरपीएममागे साधारण १० पीएसआय हा ढोबळ नियम, नेमका आकडा मॅन्युअलमधला. शेवटी ऑइल पांढऱ्या भांड्यात काढा आणि फिल्टर कापून कागद उन्हात धरा. चमकणारे पापुद्रे दिसले आणि ते लोहचुंबकाला चिकटत नसतील, तर ते बेअरिंगचं मटेरियल आहे. या तीन गोष्टी तुमच्यासमोर करून दाखवणाऱ्या माणसानं ‘खोलावं लागेल’ म्हटलं, तर विश्वासानं खोलू द्या. त्यातली एकही न करता म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका.

खोललंच तर नुसती बेअरिंगं बदलून बंद करू देऊ नका. क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंग बसतात ते गोल भाग, मायक्रोमीटरनं मोजायचे, ओरखडे असतील तर ग्राइंडिंग करून ०.२५ मिलिमीटर अंडरसाइझ बेअरिंग, क्लिअरन्स, म्हणजे मधली फट, प्लॅस्टिगेजनं (दाबून फट मोजायची मऊ तार) बघायचा, रॉडचे बोल्ट नवे, आणि बेअरिंग का गेलं याचा शोध: ऑइल पंप, गाळणी, सम्पमधला (ऑइलच्या तळभांड्यातला) गाळ. कारण न शोधता बसवलेलं बेअरिंग परत जातं. जाड ऑइल ओतून आवाज दाबणं हा इलाज नाही. जुनी गाडी विकताना असं करतात, म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यानं इंजिन थंड असताना, पहिल्याच स्टार्टला ऐकावं.

तुमच्या गाडीला लागू पडतील न पडतील, पण फसवणारे काही आवाज सांगून ठेवतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं तर थंड इंजिनावर रेस दिल्यावर टॅपेटसारखी टिक-टिक येते आणि मॅनिफोल्ड तापून फुगला की कमी होते, हेडच्या कडेला काजळीचा काळा पट्टा दिसतो. सायलेन्सरवरचा हीट शील्ड सैल झाला तर ठरावीक आरपीएमला खणखणतो, थंड असताना हातानं ठोकून कळतं. इंजिन माउंटिंग गेलं तर रेस देताना आणि सोडताना एकेकदाच ठक् होतं, सलग नाही. पूर्ण वळवून रेस दिल्यावर कट-कट म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट. इको किंवा बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर ओढणाऱ्या गाड्यांत गियर टाकून क्लच सोडताना येणारा ठक् बहुधा प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटच्या क्रॉसचा. टॅपेटबद्दल मात्र सीएनजीवाल्यांनी लक्षात ठेवावं, की सीएनजीवर वॉल्व्ह सीट झिजतात आणि क्लिअरन्स वाढण्याऐवजी कमी होतो, म्हणजे टॅपेट गप्प असतानाच वॉल्व्ह जळतो. आवाज नाही म्हणून क्लिअरन्स तपासणं टाळू नका.

छोट्या टर्बो पेट्रोल गाडीचा मालक हे वाचत असेल तर त्याला वेगळं सांगतो. कमी आरपीएमला वरच्या गियरमध्ये पूर्ण रेस दिल्यावर एखाद-दुसरा जोरदार ठोका आला, तर ते साधं नॉकिंग नसून ठिणगीआधीच मिश्रण पेटणं असू शकतं, आणि त्यात पिस्टन एका ठोक्यातही फुटतो. अशा इंजिनात एपीआय एसपी दर्जाचं ऑइल घाला आणि इंजिन दाबून चालवू नका.

दाबून चालवणं हे तुमच्याही प्रश्नात आहे, कारण मायलेजसाठी चौथ्या गियरमध्येच घाट चढवायची सवय बहुतेकांना असते. भरलेल्या गाडीचं १.२ लिटरचं इंजिन १५०० आरपीएमला पूर्ण रेस देऊन चढवलं तर निरोगी असलं तरी कुरकुरतं. दोष सापडेपर्यंत खंबाटकीत तिसरा किंवा दुसरा गियर घ्या, आरपीएम २५०० ते ३००० ठेवा, आवाज आला की रेस थोडी सोडा. सीएनजीवर आवाज येत नसेल तर घाट सीएनजीवरच चढवा, गाडी थोडी सावकाश चढेल.

तुमच्यासाठी कामाचा क्रम असा ठेवा: डिपस्टिक, बटणाची चाचणी, ताजं पेट्रोल, अ‍ॅडव्हान्सर बाजूला, दोन्ही इंधनांवरचे ट्रिम, कूलंट आणि प्लग. यातलं एका वेळी एकच बदला आणि प्रत्येक वेळी त्याच चढावर, तितक्याच माणसांसह, एसी चालू किंवा बंद तसाच ठेवून बघा, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. चाचणीला जाताना शेजारी कुणालातरी बसवून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि त्या क्षणी गियर, आरपीएम, इंधन तोंडानं बोलून ठेवा. तुम्ही कुठल्याही गॅरेजमध्ये गेलात तरी ते रेकॉर्डिंग आधी ऐकवा. अ‍ॅडव्हान्सर काढल्यावर आणि ट्रिम जागेवर आल्यावर पेट्रोलवर काय फरक पडला ते कळवा. तरीही आवाज राहिला, तर प्लगचे जवळून काढलेले फोटो आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन पाठवा, तिथून पुढचं सांगतो.